फलाटावरची पाठ

मफलर गुंडाळलेल्या, दिग्दर्शकाच्या मदतनिसाने कर्ण्यातून ‘थांबा!’ म्हणून ओरडून सांगितलं, फलाटावरच्या साऱ्या बायकांनी आपापले पुरुष सोडून दिले, आणि गेसीन टीडेमानचे हात मात्र सुटेनात. हात आपलेच आहेत, त्यांना सोडा म्हणायचं की ते सोडतील, इतकं ते साधं होतं. पण त्या परक्या माणसाच्या पाठीवर ते गाठ मारल्यासारखे बसले होते. तिचं तोंड त्याच्या खांद्यात रुतलं होतं. त्याच्या अंगातल्या कैद्याच्या जाकिटाला डांबरगोळ्यांचा वास येत होता, कारण सगळीच जाकिटं भाड्याने आणलेली होती. आणि त्या वासाच्या खाली आणखी एक वास होता, तंबाखूचा आणि स्वस्त साबणाचा, एका जिवंत माणसाचा. तिला रडू फुटलं होतं. नुसतं डोळ्यांतून पाणी नव्हे. उलटी यावी तसं, पोटाच्या तळातून ते येत होतं. “बाई,” तो माणूस तिच्या कानाशी हळूच म्हणाला, “झालं. थांबवलंय त्यांनी.” आणि मग, जरा वाट पाहून, “तुमच्या टोपीची पिन मघापासून टोचतेय मला.” तेव्हा कुठे ती मागे सरली. त्याच्या गालावर खरंच एक लाल रेघ उठली होती. ती ‘माफ करा, माफ करा’ म्हणत राहिली, आणि तो गाल चोळत म्हणाला, “असू द्या. याहून वाईट टोचून घेतलंय.”

मालगाड्यांच्या त्या जुन्या फलाटावर फेब्रुवारीचं बोचरं वारं सुटलं होतं. इंजिनाची वाफ मनासारखी पसरत नव्हती म्हणून दिग्दर्शकाने तोच प्रसंग पुन्हा पुन्हा घ्यायला लावला. दर खेपेला गाडी कण्हत यायची, दारं उघडायची, डोकं भादरलेले पुरुष उतरायचे, आणि बायकांनी धावत जाऊन आपापल्या ठरलेल्या माणसाच्या गळ्यात पडायचं. बाकीच्या बायका दुसऱ्या-तिसऱ्या खेपेपासून हसायला लागल्या. शेजारच्या माटिसेनबाई, ज्यांनी गेसीनला इथे ओढून आणलं होतं, त्या तर उघडच कुरकुरत होत्या, “माझ्या वाट्याला हे दाढीचं खोड आलंय. मिठी मारतोय की बटाट्याचं पोतं उचलतोय, कळत नाही!” गेसीनला मात्र दर खेपेला तसंच व्हायचं. गाडी दिसली की छातीत काहीतरी पुढे झेपावायचं, पाय आपोआप पळायचे. अर्ध्या वाटेवर तो माणूस दिसायचा, उंच, जरा वाकलेला, आणि तिला वाटायचं, हाच, हाच. ज्याचं नावही आपल्याला माहीत नाही तो हा आपला माणूस. शेवटी मफलरवाला खुशीत येऊन तिच्याजवळ आला. “बाई, तुम्ही कमाल केलीत. शिकून येत नाही हे. तुमचे यजमान युद्धकैदेत होते का?” गेसीन म्हणाली, “होते.” “आणि परत आले?” “आले.” “मग बरोबर आहे,” तो म्हणाला, “स्वतः केलेलं असलं की दिसतंच.” आणि तो कर्णा घेऊन पुढे गेला. गेसीन तिथेच उभी राहिली. वाऱ्याने डोळ्यांतलं पाणी गालावर आडवं वाहत होतं आणि कोणीतरी थोबाडीत मारल्यासारखा तिचा चेहरा गरम झाला होता.

स्वतः केलेलं. जेवणाच्या सुट्टीत वाटाण्याचं घट्ट सूप मिळालं, तेव्हा तिला चमचा तोंडाशी नेववेना. तो माणूस तिच्याशेजारी येऊन बसला. त्याचं नाव पाव्लिक होतं, लोरेन्त्स पाव्लिक. बोलण्यात पूर्वेकडचा हेल होता, त्या भागातला, जिथे आता परत जाता येत नव्हतं. कैदेतून सुटून आला तेव्हा घर नव्हतं, गाव दुसऱ्या देशात गेलेलं, बायको कुठे आहे ते कोणालाच ठाऊक नाही. हे सगळं त्याने सूप ओरपता ओरपता, हवापाण्याची गोष्ट सांगावी तसं सांगितलं. “मला घ्यायला फलाटावर कुणीच नव्हतं,” तो म्हणाला, “म्हणून म्हटलं, बघू तरी कसं लागतं ते.” “मग? कसं लागलं?” गेसीनने विचारलं. तिच्या आवाजात इतकी उत्सुकता होती की तिची तिलाच लाज वाटली. त्याने विचार केला. “बरं वाटतं,” तो म्हणाला. “पहिल्यांदा जरा भीती वाटते. एवढी बाई अंगावर धावून येते म्हटल्यावर! पण मग बरं वाटतं.” माटिसेनबाई खो खो हसल्या. गेसीन हसली नाही. ती मनात म्हणत होती, हे याला दिलं. इतकं सगळं आपल्यात होतं, आणि ते आपण या परक्याला दिलं, वाफ नीट येत नाही म्हणून पुन्हा पुन्हा दिलं.

कारण नवऱ्याला, हिनर्कला, तिने ते दिलं नव्हतं. तो आला तेव्हा ती त्याच्यासमोरून निघून गेली होती.

ट्राममध्ये खिडकीच्या काचेला डोकं टेकवून ती बसली आणि ती दुपार नेहमीसारखी समोर आली. सव्वातीन वर्षांत ती दुपार कितीदा आली असेल, नोकरीच्या दुकानात बटणं मोजताना, बटाटे सोलताना, पण आज तिच्या कडा जास्तच धारदार होत्या. नोव्हेंबर महिना. तार आलेली, ‘बुधवारी दुपारी पोचतो, हिनर्क.’ माटिसेनबाईंनी तेव्हा बजावलं होतं, “पाटीवर नाव लिहून घेऊन जा हो. ओळखू येत नाहीत ते.” आणि गेसीनला राग आला होता. नवऱ्याला ओळखायला पाटी कशाला? ज्याच्या मानेवरचे केस आपण कापत होतो, ज्याचं पाऊल जिन्याच्या खालच्या पायरीवर वाजलं तरी कळायचं, त्याला ओळखायला पाटी? ती कोणाचीशी निळी टोपी मागून घालून गेली होती. स्टेशनात पाट्याच पाट्या होत्या, बायकांच्या डोक्यांवर हलणाऱ्या, आणि त्यांच्यामधून ती हात रिकामे ठेवून ताठ मानेने चालली होती. गाडी आली. माणसं उतरली, आणि पहिल्या काही क्षणांतच तिला कळलं की आपली चूक झाली, कारण ती सारी माणसं एकच माणूस होती. तेच टक्कल, तेच सुजलेले गाल, तेच मातकट जाकीट, तीच डोळ्यांची खोबण. ती एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत गेली. एकेक चेहरा घेत, टाकत, घेत, टाकत. लोखंडी खांबाशी एकजण उभा होता. तिने त्याच्याकडे पाहिलं. त्यानेही तिच्याकडे पाहिलं. हे तिला पक्कं आठवत होतं, यात काही शंकाच नव्हती: दोघांच्या डोळ्यांची गाठ पडली होती, आणि तिच्या मनात स्वच्छ शब्दांत आलं होतं, ‘हा नाही.’ आणि ती पुढे गेली होती.

मग ती घरी आली. बराच वेळ गेला. बटाटे उकडून गार होऊन गेले, तेव्हा दार वाजलं. दारात तोच, खांबाजवळचा माणूस. “कोण हवंय आपल्याला?” तिने विचारलं. तो म्हणाला, “टीडेमान इथेच राहतात ना?” तिला वाटलं, कोणी सोबती निरोप घेऊन आलाय, काहीतरी वाईट झालंय. ती म्हणाली, “या ना, आत या. त्यांच्याबद्दल काही कळलंय का?” आणि त्याने टोपी काढली, आणि डोकं जरासं डावीकडे कललं, जसं कायम कलायचं, आणि तो म्हणाला, “मीच.” ती पुढे झाली असती. शपथेवर सांगायला ती तयार होती, ती पुढे झाली असती. पण त्याने दोन्ही हात वर केले. “जवळ येऊ नकोस, उवा आहेत.” मग पाणी तापवणं, कपडे जाळणं, केरोसीनचा वास, आणि त्या गडबडीत तो क्षण निघून गेला तो गेलाच. चुकलेली ट्राम पुन्हा येते. हा आला नाही.

हिनर्क चांगला माणूस होता, त्यात काही बदल नव्हता. सुतारकामात तर त्याचा हात पहिल्यासारखाच चालत होता. सारं हॅम्बुर्ग नव्याने उभं राहत होतं आणि त्याला खिडक्या हव्या होत्या, त्या तो बनवत होता. पगार टेबलावर आणून ठेवायचा. दारूच्या वाटेला जात नव्हता. काही विचारलं की म्हणायचा, “चालेल.” रविवारी कालव्याकाठी फिरायला जाऊ या? चालेल. कोबी करू की मटार? चालेल. जुना हिनर्क इतका बोलायचा की शेजारचे लोक भिंतीवर ठोकायचे, आणि हा ‘चालेल’वर आला होता. गेसीनने त्या शब्दाचा अर्थ पहिल्याच महिन्यात लावून टाकला होता. जी बायको ओळखतसुद्धा नाही तिच्याशी आणखी काय बोलायचं? कधीकधी ती भांडी घासत असताना मागून तो आपल्याकडे बघतोय असं तिला जाणवायचं. मानेवर, खांद्यांच्या मधोमध. ती वळली की तो पेपरात डोकं घालायचा. रात्री तो भिंतीकडे तोंड करून निजायचा. नवरा-बायकोतलं जे असतं तेही होतं, अंधारात, न बोलता, दोन शेजाऱ्यांनी जिन्यात एकमेकांना वाट द्यावी तसं. माफी मागावी, असं तिला रोज वाटायचं. पण माफी मागायची म्हणजे आधी ते बोलायचं, ‘मी तुला पाहिलं आणि हा नाही म्हटलं.’ एकदा बोललं की ते घरात येऊन बसणार, तिसऱ्या खुर्चीवर, कायमचं. न बोलता निदान ते जिन्यात तरी होतं.

त्या संध्याकाळी ती घरी आली तेव्हा त्याने विचारलं, “झालं का?” दुकानात शिल्लक माल मोजायचाय असं सांगून ती गेली होती. “झालं,” ती म्हणाली. त्याने तिच्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं. “डोळे लाल झालेत.” “वारं फार होतं,” ती म्हणाली, आणि लगेच तिला वाटलं, दुकानात वारं कसलं? पण तो म्हणाला, “हो, आज वारं होतं,” आणि भाकरी कापू लागला. काळ्या पावाची ती जाड भाकरी तो छातीशी धरून, स्वतःकडे सुरी ओढत कापायचा, तिची सासू कापायची तशी. ते बघताना गेसीनला एकदम उठून त्याला मागून मिठी मारावी असं वाटलं. इतका आवेग दुपारी होता, त्यातला काही तरी उरला असणारच. पण सुरी होती. आणि पाठीवरून हात टाकला की तो दचकतो हेही होतं. ती बसून राहिली. भाकरीवर लोणी लावलं. त्या परक्या खांद्याचा वास अजून तिच्या नाकात होता, आणि आपण बाहेर कुणाबरोबर तोंड काळं करून आलोय, असं तिला वाटत होतं; खरं तर सारं शंभर माणसांदेखत झालं होतं आणि वर सूप मिळालं होतं.

जूनमध्ये सिनेमा लागला. माटिसेनबाईंनी जिन्यातच हिनर्कला गाठलं. “टीडेमान, आमचा सिनेमा लागलाय हो! मी आहे त्यात. दाढीवाल्याबरोबर.” गेसीन दोन पायऱ्या वर उभी होती, तिने डोळ्यांनी खुणावलं, माटिसेनबाईंना तेवढी समज होती, त्या पुढचं गिळून टाकून नुसत्या म्हणाल्या, “हातरुमाल घेऊन जा. बायका रडून रडून खुर्च्या भिजवतायत.” गेसीनला वाटलं, आता तो ‘बरं’ म्हणेल आणि वर जाईल. हिनर्क कधी सिनेमाला जात नसे, अंधारात पाठीमागे माणसं बसलेली त्याला सहन होत नसत. पण रविवारी दुपारी दाढी करता करता तो आरशातूनच म्हणाला, “जाऊन येऊ या का? नाहीतर माटिसेनबाई रोज जिन्यात परीक्षा घेतील.” नाही म्हणायला कारण शोधावं लागलं असतं, आणि तिला कारण सुचेना. शिवाय तिला माहीत होतं, आपलं काही दिसणार नाही. इतक्या गर्दीत एक बाई. तो मफलरवालाच म्हणाला होता, मागच्या बायका नुसत्या गर्दी म्हणून आहेत. तिने तीच समजूत वाटभर जिभेखाली ठेवली, पेपरमिंटच्या गोळीसारखी.

ते अगदी शेवटच्या रांगेत बसले, भिंतीला पाठ लावून. पडद्यावर एक परिचारिका होती. तिचा नवरा पूर्वेकडे बेपत्ता झालेला, आणि दवाखान्यातला एक सर्जन, भला माणूस, तिची वाट पाहणारा. ती त्याला हो म्हणते आणि दुसऱ्याच दिवशी नवऱ्याची तार येते. हॉलमध्ये नाकं ओढल्याचे आवाज येऊ लागले. गेसीनचं लक्ष पडद्यावर नव्हतं. ती शेजारच्या श्वासाकडे कान लावून बसली होती. हिनर्क शांत होता. हात मांडीवर, सुताराचे, बोटांच्या पेरांत रंग बसलेला. मग स्टेशन आलं. ते इंजिन, ती वाफ, किती सुंदर पसरली होती ती शेवटी! परिचारिका गर्दीतून वाट काढत निघाली, कॅमेरा तिच्याबरोबर सरकू लागला, माटिसेनबाईंचं कोपर आणि पर्स दिसून गेली, आणि मग अगदी पुढे, अर्ध्या पडद्याएवढी, एका बाईची पाठ आली. नुसती पाठ. काळा कोट, टोपी, आणि तिला बिलगलेल्या पुरुषाचा खांदा. चेहरा नाहीच. ती पाठ हुंदक्यांनी हलत होती, आणि पुरुषाचा हात, बिचाऱ्या पाव्लिकचा गोंधळलेला हात, तिच्यावर आधी अधांतरी राहिला आणि मग हळूहळू टेकला. मग परिचारिका पुढे गेली आणि ते नाहीसं झालं. गेसीनने श्वास सोडला. चेहरा नव्हता. सुटले.

“ती तू आहेस,” हिनर्क म्हणाला.

त्याने आवाज खाली ठेवला नव्हता. पुढच्या रांगेतल्या दोघी वळल्या. तो उठला, आणि गुडघ्यांवरून, पायांवरून, छत्र्यांवरून धडपडत बाहेर निघाला. “अहो, बसा की!” कोणीतरी खेकसलं. ती मागोमाग निघाली. तिला वाटलं, संपलं. आता हा बोलणार. इतकी वर्षं न बोललेलं आता बोलणार.

बाहेरच्या दालनात कुंड्यांतले शोभेचे माड होते आणि तिकिटं फाडणारी बाई स्टुलावर बसून मोजा विणत होती. दुपारचं ऊन काचेच्या दारातून फरशीवर लांबच लांब पडलं होतं. हिनर्क उन्हात उभा होता, पांढराफटक. गेसीनने ठरवलं, आधी आपणच बोलायचं. निदान तेवढं तरी. “हिनर्क,” ती म्हणाली, “मी तुला सांगणार होते. सिनेमाचं नव्हे. त्या दिवसाचं. मी स्टेशनवर तुला बघितलं होतं, खांबापाशी. तुझ्याकडे सरळ बघितलं आणि—”

“मी लपलो होतो,” हिनर्क म्हणाला.

तिला ऐकू आलं, पण कळलं नाही. ती आपलं वाक्य पुरं करायला निघालीच होती, इतकी ती त्या वाक्याला सरावली होती. “—आणि मला तू ओळखू आला नाहीस.”

“कसा येईन? मी येऊ दिलं नाही.” तो एकदम भराभरा बोलू लागला, फरशीकडे बघत. “मी तुला गाडीतूनच बघितलं. गाडी थांबायच्या आधी. निळी टोपी होती तुझी. तुझ्या हातात पाटी नव्हती. सगळ्यांच्या हातात पाटी, आणि तू अशी चालत येतेस, जशी काही तू मला अंधारातसुद्धा ओळखशील. आणि मी हा असा. मला वाटलं, नको. हिला हे नको. आम्हाला तिकडे एक चेहरा करता यायचा, गेसीन. पहारेकरी मोजणीला आला की करायचा. डोळे उघडे ठेवायचे आणि आतून निघून जायचं. मग त्याची नजर तुमच्यावरून घसरून पुढे जाते, भिंतीवरून जावी तशी. तू जवळ आलीस आणि मी तो चेहरा केला. तुझ्यासाठी. आणि तुझीही नजर घसरली. पुढे गेलीस. मी तुझी पाठ बघत उभा राहिलो, पार जिन्यापर्यंत. आणि आता तिथे आत—” त्याने पडद्याच्या दिशेने हात केला, “मी काही ती पाठ विसरेन का?”

तिकिटवालीच्या सुया थांबल्या होत्या. “आणि मग?” गेसीनने विचारलं. स्वतःचा आवाज तिला लांबून आल्यासारखा वाटला.

“मग मी ठरवलं, दुसऱ्या गाडीने कुठेतरी जायचं. कुठेही. स्टेशनच्या प्रतीक्षागृहात बसलो. तिथली शेगडी विझली होती. मला थंडी वाजायला लागली.” तो थांबला. “म्हणून मी घरी आलो, गेसीन. थंडी वाजली म्हणून. प्रेमाने वगैरे नव्हे. आणि तू दार उघडलंस आणि विचारलंस, कोण हवंय आपल्याला. मला वाटलं, हिला कळलंय. हिने मला लपताना बघितलंय, आणि आता ही मला विचारतेय, की बाबा, तुला हवं तरी कोण आहे? मला उत्तर देता येईना, म्हणून टीडेमान इथेच राहतात ना, असं विचारलं. तेव्हापासून मी वाट बघतोय, तू कधी विचारतेस त्याची. तू विचारतच नाहीस.”

गेसीनने त्याला मारलं. तिच्या हातात हातमोजे होते, उन्हाळ्याचे, सुती, त्यांनीच तिने त्याच्या छातीवर, दंडावर फटके मारायला सुरुवात केली. “साडेतीन वर्षं!” ती ओरडत होती. “अरे गाढवा, साडेतीन वर्षं मी— मला वाटतं की मी— आणि तू चेहरा केलास? चेहरा?” हातमोजे लागत कसले होते, पण तो मागे मागे सरत एका माडाच्या कुंडीवर बसला. ती मारता मारता थांबली. दिवसभर पाण्याच्या बादल्या वाहून मग त्या खाली ठेवल्या की दंड जसे आपोआप वर उचलले जातात, तसं तिचं सगळं अंग वर उचललं गेलं. किती साधं होतं. तिने त्याला नाकारलं नव्हतं. तिचे डोळे, तिचं मन, तिचं प्रेम, कशात काही खोट नव्हती. तिच्यापुढे एक दार लावून घेतलं होतं आणि ती दारासमोरून गेली होती. आणि त्याने ते लावून घेतलं होतं ते तिच्यावर रागावून नव्हे. याचाही आता राग यायला हवा होता, येत होताही. पण त्या रागाला वजन नव्हतं, तो मांजराच्या पिलासारखा होता, नखं असलेला, पण उचलून घेता येण्याजोगा. आणि ‘चालेल’? तो ‘चालेल’ म्हणजे निकाल नव्हता तर. आरोपीच्या पिंजऱ्यातला माणूस मान हलवतो तसा होता. एका घरात दोन आरोपी, आणि न्यायाधीश कोणीच नाही. तिला हसू येऊ लागलं. आधी नाकातून, मग इतकं, की ती पोट धरून वाकली. “आता काय?” हिनर्क कुंडीवरून म्हणाला, घाबरून. “काही नाही,” ती म्हणाली, “मला मोरीत जायचंय. आत्ताच्या आत्ता.” “उजवीकडे, जिन्याखाली,” तिकिटवाली तत्परतेने म्हणाली.

ती परत आली तेव्हा तिकिटवाली हिनर्कला पाणी देत होती. “सिनेमाचा शेवट चांगला आहे,” ती म्हणाली. “बसायचं असेल तर अजून बसता येईल.” “ती कोणाकडे जाते?” गेसीनने विचारलं. “नवऱ्याकडेच. पण रडत.” “मग राहू दे,” गेसीन म्हणाली.

ते कालव्याच्या कडेने निघाले. उन्हाळ्यातली लांब संध्याकाळ होती, अंधार पडायला अजून पुष्कळ अवकाश होता. पडक्या घरांच्या जागी नवी घरं उठली होती आणि हिनर्क सवयीने त्यांच्या खिडक्यांकडे बघत चालला होता. आताचं न बोलणं वेगळं होतं, ते दोघांच्या मधून चालत नव्हतं, बाजूने चालत होतं. मध्येच तो म्हणाला, “तो माणूस कोण?” “कोणता?” “मिठीतला.” “पाव्लिक म्हणून आहे. पूर्वेकडचा. बायकोचा पत्ता नाही त्याच्या.” “हं,” हिनर्क म्हणाला. थोड्या वेळाने, “किती वेळा घेतलं ते?” “मी काय मोजत बसले होते? पुष्कळदा. वाफ बिघडत होती.” “हं. हात कुठे ठेवावा ते त्याला कळत नव्हतं.” “नव्हतंच कळत,” गेसीन म्हणाली, आणि तिला कळलं की त्याला मत्सर वाटतोय, आणि तिला ते इतकं आवडलं की तिने मान दुसरीकडे फिरवली. मग ती म्हणाली, “थंडी वाजली म्हणून आलास, त्याचं मला काही वाटत नाही. येणारं माणूस कशाने तरी येतं. थंडी तर तिथे आणखीही पुष्कळांना वाजत होती, ते काही माझ्या दाराशी आले नाहीत.” तो चालता चालता थांबला. त्याचं डोकं जरासं डावीकडे कललं. पुढे निघाला तेव्हा त्याचं चालणं बदललं होतं, हात हलायला लागले होते.

पुलाखाली एक म्हातारा धुरी दिलेल्या वामी, ते सापासारखे लांब मासे, विकत होता. हिनर्क म्हणाला, “खायची का?” आणि तिने काही म्हणायच्या आत त्याने घेतली, एक जाडजूड, कागदात गुंडाळून. ते पाण्याच्या कठड्यावर बसले आणि हातांनी सोलून खाऊ लागले. तेल बोटांवरून मनगटापर्यंत ओघळत होतं. आणि खाता खाता, तोंडात घास असतानाच, तो बोलायला लागला. छावणीत एक स्वयंपाकी होता, दक्षिणेकडच्या श्वाबेनचा, त्याने एकदा नदीत वाम पकडली होती आणि ती पहाऱ्यापासून लपवायला पाटलोणीत सोडली होती, जिवंत, आणि तेवढ्यात मोजणीची शिट्टी झाली. हिनर्क हात हलवून, उठून, कमरेत वाकडा होऊन दाखवत होता, तो स्वयंपाकी रांगेत कसा उभा होता, चेहरा कसा सरळ होता आणि पाय कसे नाचत होते. त्याचं हसू त्यालाच आवरेना. तिकडचं काहीही त्याने आजवर सांगितलं नव्हतं, आणि आता पहिलंच सांगायला घेतलं ते हे.

गेसीनला ते धड ऐकू येत नव्हतं. ती त्याच्या हनुवटीवर चमकणाऱ्या तेलाकडे बघत होती. शर्टावर एक डाग पडला होता, मोठा, आणि तिच्या मनात आलं, हा उद्या सोडा लावून भिजत घालायला हवा. इतका हलका विचार तिच्या डोक्यात कित्येक दिवसांत आला नव्हता. त्याच्यामागे काही दडलेलं नव्हतं. डाग होता, सोडा होता, उद्या होता.

“ऐकतेयस ना?” हिनर्कने विचारलं. 

“नाही,” ती म्हणाली. “पहिल्यापासून सांग.”

त्याने बोटं चाटली, कागदाला पुसली, आणि पहिल्यापासून सांगायला लागला.